गावाजवळची कोळसा खाण बंद होणार आहे, पोरांना सोलरचं ट्रेनिंग द्यावं का? (जरा लांबलचक उत्तर)

भाऊ, आधी तुमचा प्रश्न परत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही वणी तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहात, गावाला लागून ओपनकास्ट (वरून उघडी खोदलेली) खाण आहे, सहा-सात वर्षांचा कोळसा उरलाय असं साहेब लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि आता एक संस्था आलीये ती म्हणतेय पोरांना सोलर पॅनल बसवायचं ट्रेनिंग देऊ, त्याचे पैसे खाणींकडून जमा होणाऱ्या जिल्ह्याच्या खनिज निधीतून मागा, तुम्ही फक्त ग्रामसभेचा ठराव द्या. तर ठराव द्यावा का.

सोलरपुरतं उत्तर एवढंच की आत्ता देऊ नका, थांबा. का ते खाली सांगतो. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न ट्रेनिंगचा नाहीच. खरा प्रश्न हा आहे की खाण चालू आहे तोवर गावाने काय काय पदरात पाडून घ्यायचं, कारण एकदा शेवटचा डंपर निघून गेला की तुमच्या अर्जाला कोणी हिंग लावून विचारत नाही. मी चंद्रपूर-वणी पट्ट्यात बावीस वर्षं याच कामात आहे, आधी आयटीआयला शिकवायचो, मग प्रकल्पग्रस्त आणि ठेकेदारी कामगारांसोबत काम सुरू केलं, आणि जे काही शहाणपण आहे त्यातलं निम्मं चुका करून आलेलं आहे.

पहिले एक गैरसमज काढून टाका. तुमची खाण क्लीन एनर्जीमुळे बंद होत नाहीये. देशाचं कोळसा उत्पादन २०२४-२५ ला पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या वर गेलं, आणि आपली नेट झिरोची (कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायची) तारीख आहे २०७०. तुमच्या खाणीतला कोळसा संपतोय किंवा खोल गेलाय, काढणं परवडत नाही, म्हणून ती बंद होणार. त्याचवेळी दुसरीकडे जुने वीज संचही निघतायत, चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचे पहिले दोन २१० मेगावॅटचे संच गेलेच की, आता केंद्र २९२० मेगावॅटवर आहे. आणि नवीन खाण कुठे उघडली तरी तिथे मशीन जास्त, माणसं कमी. हे सगळं सांगायचं कारण असं की कोणी मंत्री येऊन "आजपासून स्थित्यंतर सुरू" अशी घोषणा करणार नाहीये, पॅकेज वगैरे जाहीर होणार नाहीये. एकेक खाण गुपचूप बंद होते. बदली ऑर्डर निघतात, साइडिंग (कोळसा भरायची रेल्वे लाइन) सुनी पडते, आणि गावाला कळतं तेव्हा कॉलनीतल्या क्वार्टरची दारं-खिडक्या निघून गेलेल्या असतात.

आपल्या भागाला हे नवीन नाही तसं. वरोऱ्याला इंग्रजांनी १८७० च्या दशकात खाण काढली, वर्ध्याहून तिथवर रेल्वे आणली ती त्या कोळशासाठीच, आणि १९०६ ला ती खाण बंद पडली. तरी वरोरा टिकलं, कारण रेल्वे होती, कापसाचा बाजार होता. माझा पहिला प्रश्न म्हणूनच नेहमी हाच असतो, तुमच्या गावातून कोळसा वजा केला तर मागे काय उरतं? शेती किती जणांकडे उरलीये, पाणी कुठून येतं, जवळचा मोठा बाजार किती लांब, रस्ता कोणाचा आहे. सिमेंट कारखाना वीस किलोमीटरवर असलेलं गाव आणि चारही बाजूंनी खाणीच असलेलं गाव, दोघांना एकच सल्ला देणारा माणूस फेकतोय असं समजा. त्यामुळे मी खाली जे सांगतोय तेही तुमच्या गावाच्या मापाने कापून-शिवून घ्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. यादी करा. कोण कोण कोळशावर जगतं त्याची यादी. हे ऐकायला अगदीच बाळबोध वाटतं, मलाही वाटायचं. दहा-बारा वर्षांपूर्वी एक भूमिगत खाण बंद झाली, मी तिथे पर्मनंट कामगारांच्या पुनर्वसनासाठी धावपळ करत होतो, आणि खरं सांगायचं तर त्यांना माझी गरजच नव्हती. पर्मनंट माणसाची दुसऱ्या एरियात बदली झाली, पगार चालू, पीएफ चालू, क्वार्टर मिळालं. महिन्याभरात ते सामान टेम्पोत भरून गेले. मागे राहिले ते लोक कुठल्याच कागदावर नव्हते. ठेकेदाराचे लोडर, टिप्परचे ड्रायव्हर-क्लीनर, काट्यावर पावती फाडणारा पोरगा, मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या बाया, कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या, पंक्चरवाला, किराणावाला ज्याच्या वहीत पगाराच्या पगाराला चुकती होणारी उधारी होती, आणि पहाटे साइडिंगवर पडलेला कोळसा वेचून सायकलवर पोती लादून हॉटेल-वीटभट्टीला विकणारे. हे शेवटचे तर कोणाला मोजावेसेच वाटत नाहीत, कारण त्यांचं काम कायद्यात बसत नाही. पण त्यांची चूल त्यावरच पेटते ना. मी त्या सगळ्यांना विसरलो होतो, आणि लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, निम्मे लोक तेलंगणात मिरची तोडायला निघून गेले होते.

म्हणून यादी. घरोघर जाऊन, नाव, काम काय, कोणाकडे, किती वर्षं, हजेरी कुठे लागते, पीएफ कापतात का, घरात शेती आहे का, कर्ज आहे का. ठेकेदारी कामगारांसाठी तर हे फारच तातडीचं आहे. खाणीच्या कामावरच्या ठेकेदारी मजुराला कोल इंडियाच्या हाय पॉवर कमिटीने ठरवलेलं वेतन मिळायला हवं, हे खूप जणांना माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी हातात स्लिप नसते. ठेकेदार बदलला की माणूस तोच, शॉवेल तीच, पण सर्व्हिस शून्यापासून. मग ग्रॅच्युइटीच्या वेळी पाच वर्षं सिद्ध कशी करणार? आत्ता खाण चालू आहे तर गेट पास, ट्रेनिंग सेंटरचं सर्टिफिकेट, हजेरी, बँक एन्ट्री, सगळ्याच्या झेरॉक्स करून घरात ठेवायला सांगा. आणि मेडिकल तपासणीचे कागद पण. धुळीचा फुप्फुसाचा आजार वीस वीस वर्षांनी डोकं वर काढतो, तेव्हा ठेकेदार कुठे असेल आणि त्याची फाईल कुठे असेल देव जाणे. मी एका माणसासाठी अशी फाईल शोधत तीन ऑफिसं फिरलोय, माणूस गेला, फाईल नाही सापडली.

यादीचा दुसरा उपयोग म्हणजे कर्ज कळतं. आपल्याकडे जमीन गेली की दोन एकराला एक नोकरी हे धोरण, नोकरी एकाला आणि मोबदला भावाभावांत वाटला जातो, मग ज्याला नोकरी नाही तो त्या पैशाचं डाउन पेमेंट भरून टिप्पर घेतो. खाणीचं आयुष्य सहा वर्षं आणि टिप्परचा हप्ता पाच वर्षं, म्हणजे कागदावर जमतंय असं वाटतं, पण शेवटची दोन वर्षं खेपा निम्म्याने कमी होतात हे कोणी धरत नाही. गावात आत्ताच सांगून टाका की नवीन टिप्पर आता काढू नका म्हणून. शिव्या पडतील, मला पडल्यात.

आता जमीन. इथे लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते, कोणी फसवतं म्हणून नाही, कायदाच तसा आहे म्हणून. कोळशासाठीची जमीन बहुतेक वेळा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. त्यात मालकी सरकारकडे आणि तिथून कंपनीकडे जाते. खाण संपली की आपली जमीन आपल्याला परत मिळेल असं गावात प्रत्येक म्हातारा मला सांगतो, तसं आपोआप होत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्राने धोरण काढलं की कोळसा काढून झालेली किंवा कोळशाच्या कामाला न येणारी अशी जमीन दुसऱ्या प्रकल्पांसाठी भाड्याने देता येईल, मालकी कंपनीकडेच राहील. म्हणजे उद्या तुमच्या शिवारात कोणाचा तरी सोलर प्लांट उभा राहू शकतो आणि गावाचा त्यात छदामाचा हिस्सा नसेल, असंही होऊ शकतं. म्हणून आत्ता ठरावात जे मागायचं ते हे मागा, की जमिनीचा पुढचा वापर ठरवताना ग्रामसभेला विचारा, भाड्यातला काही भाग ग्रामपंचायतीला द्या, चराईचा आणि पाण्याचा हक्क ठेवा. सगळं मिळेल असं नाही. पण मागितल्याचा कागद असला पाहिजे.

आणि माती. ओपनकास्टमध्ये वरची काळी माती वेगळी काढून वेगळी रचून ठेवायची असते, शेवटी भरलेल्या जमिनीवर तीच पसरवायची. प्रत्यक्षात ती ओबीच्या (कोळशावरून काढलेल्या दगड-मुरमाच्या) ढिगाऱ्यात मिसळली गेली की संपलं, मग त्या डोंगरावर सुबाभूळ आणि विलायती बाभूळ सोडून काही उगवत नाही, कापूस-तूर तर विसराच. तुमच्याकडे अजून सहा वर्षं आहेत म्हणजे अजून माती काढणं चालू आहे. जाऊन बघा ती कुठे टाकतायत. फोटो काढा, तारीख टाका. माझ्या सगळ्या कामात एवढं स्वस्त आणि एवढं उपयोगी दुसरं काही सापडलं नाही.

खड्ड्याचं काय करायचं हा वेगळा विषय. पाणी भरतं, तलाव होतो, मग लोक म्हणतात मासे सोडू. सोडा, पण आधी पाणी तपासा, सगळ्या खड्ड्यांचं पाणी सारखं नसतं आणि काठ सरळसोट असतात, जनावर पाणी प्यायला गेलं की वर येत नाही, पोरं पोहायला जातात. काठाला उतार करून मागणं आणि कुंपण मागणं हे मत्स्यपालनाच्या आधी येतं. खाणीच्या पाण्याचा चांगला उपयोग होतो हे खरंय, वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स, आपल्या भागातली सरकारी कोळसा कंपनी) नागपूर भागात खाणीचं पाणी शुद्ध करून बाटलीत 'कोल नीर' नावाने विकलं, सावनेरला इको पार्क केला, खाण बघायला टुरिस्ट आणले. छान आहे, मी पोरांना घेऊन गेलोय. पण बागेत रोजगार मिळतो तो दहा-वीस जणांना, त्यावर गाव जगत नाही. तुमच्यासाठी पाणी शेताला आणि नळाला मिळणं जास्त मोलाचं. खाण चालू असते तोवर पंपाने उपसा चालतो, आजूबाजूच्या विहिरी खाली गेलेल्या असतात, काही गावांना उलट त्याच उपशाचं पाणी मिळत असतं. पंप बंद झाले की दोघांचंही गणित बदलतं. हे आधीच विचारून ठेवा, पंपाचं वीजबिल पुढे कोण भरणार इथपर्यंत.

जुन्या भूमिगत कामाची भीती तर वेगळीच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं, खाली जुन्या खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. तुमच्या ओपनकास्टच्या शेजारी इंग्रजांच्या काळचं किंवा नंतरचं अंडरग्राउंड काम आहे का, नकाशा मागून घ्या.

पैशाबद्दल. दोन पेट्या आहेत. एक खाण बंद करण्यासाठीचा, कंपनी दरवर्षी एस्क्रो खात्यात (फक्त त्याच कामासाठी राखीव खातं) टाकते तो पैसा, जुन्या मार्गदर्शक तत्त्वांत ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगतला १ लाख असा २००९ च्या भावाने दर धरलेला होता. तो पैसा जमीन भरणं, झाडं, कुंपण, सुरक्षा वगैरेसाठी, लोकांच्या पोटापाण्यासाठी त्यातून फार निघेल असं धरू नका. पण खाण बंदीचा आराखडा हा कागद मंजूर असतो, माहिती अधिकारात मागा आणि मराठीत कोणाकडून तरी वाचून घ्या. मी जेवढ्या गावांत विचारलं त्यातल्या एकाही सरपंचाने तो पाहिलेला नव्हता.

दुसरी पेटी म्हणजे तुम्ही म्हणता तो खनिज निधी. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आला, जुन्या लीजवाल्यांकडून रॉयल्टीच्या (काढलेल्या खनिजावर सरकारला भरायची रक्कम) ३० टक्के, लिलावाने दिलेल्या नव्यांकडून १० टक्के. आता एक गोष्ट नीट समजून घ्या, ही रक्कम रॉयल्टीवर आहे, रॉयल्टी कोळशावर आहे. ज्या दिवशी कोळसा थांबला त्या दिवशी नळ बंद. म्हणजे ज्या वर्षी गावाला सगळ्यात जास्त गरज पडेल बरोबर त्याच वर्षापासून तुमच्या खाणीचा पैसा येणार नाही. म्हणून आत्ताचा पैसा सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांवर घालवू नका हो. तुमच्यासारख्या गावाने या सहा वर्षांत पाणी, शाळा, दवाखाना आणि पुढे कमाई देईल असं काहीतरी उभं केलं पाहिजे. माझी स्वतःची आवड म्हणाल तर गोडाऊन आणि चाळणी-प्रतवारी युनिट, जिथे सोयाबीन-तूर ठेवता येईल आणि बायांच्या गटाला चालवता येईल. एका गावात हे चाललेलं मी पाहिलंय, दुसऱ्या गावात गटातल्या भांडणाने कुलूप लागलेलंही पाहिलंय. पहिल्या गावात हिशोब दर महिन्याला फळ्यावर लिहायचे, दुसऱ्या गावात वही अध्यक्षबाईंच्या घरी असायची. बाकी सगळं दोन्हीकडे सारखंच होतं.

आता सोलर ट्रेनिंगकडे येतो, कारण तुम्ही म्हणाल मूळ प्रश्न सोडून हा काय सांगत बसला. मी स्वतः हे केलंय. तीस पोट्ट्यांची बॅच, तीन महिने, सर्टिफिकेट, टी-शर्ट, फोटो, उद्घाटनाला आमदार. सहा जण कामाला लागले, वर्षभराने दोघं उरले. पोरं आळशी नव्हती. सोलर प्लांट उभा करताना काही महिने खूप माणसं लागतात, तीही ठेकेदार आपली टोळी घेऊन येतो, आणि उभा राहिला की पॅनल धुवायला, गवत कापायला, एक-दोन टेक्निशियन आणि वॉचमन, बस. शिवाय काम आहे तिथे पोरगा नाही आणि पोरगा आहे तिथे काम नाही, धुळ्याच्या साक्रीला १२५ मेगावॅटचा प्लांट आहे म्हणून वणीचं पोरगं तिथे जाऊन दहा-बारा हजारावर राहील का? खाणीवर त्याचा बाप त्याहून जास्त आणतो आणि घरी जेवायला येतो.

तर आधी विचारा, नोकरी कोण देणार, लेखी आहे का. संस्थेला सरळ म्हणा, मागच्या बॅचच्या दहा पोरांचे फोन नंबर द्या, आम्ही बोलतो. जे देतील त्यांच्याशी पुढे बोलणी करा. माझ्या अनुभवात कोळसापट्ट्यातल्या पोरांचं जे विकलं जातं ते वेगळंच आहे. डंपर-एक्सकॅव्हेटर चालवता येणारा माणूस सिमेंटला, लोखंडाच्या खाणीला, हायवेच्या कामाला कुठेही चालतो, फक्त त्याच्याकडे योग्य लायसन्स आणि अनुभवाचा कागद हवा, जो ठेकेदार देत नाही. वायरमनचं परवानापत्र असलेला इलेक्ट्रिशियन सोलरही करतो, कृषीपंपही करतो, घरगुती वायरिंगही करतो, तो उपाशी राहत नाही. म्हणजे सोलर शिकवायचंच असेल तर पक्का इलेक्ट्रिशियन करा आणि सोलर त्यातला एक धडा ठेवा. आणि पंचेचाळीसच्या पुढच्या माणसाला ट्रेनिंगच्या नावाने वर्गात बसवू नका, त्याचा अपमान होतो, मी तो चेहरा पाहिलाय. त्याला थकीत पीएफ काढून द्या, शेत असेल तर विहीर द्या, शेळ्या द्या.

बाहेरच्या देशांचं विचारलं नाहीत तरी दोन ओळी, कारण संस्थेवाले हमखास जर्मनीचे फोटो दाखवतात. जर्मनीत दगडी कोळशावर १९५७ ला सहा लाखांच्या आसपास माणसं होती, शेवटची खाण बोट्रोपला २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, म्हणजे साठ वर्षं लागली, मधे विद्यापीठं काढली, माणसांना लवकर पेन्शन दिली, सरकारने पैसा ओतला. आणि दक्षिण आफ्रिकेत कोमाटीचं वीज केंद्र २०२२ च्या ऑक्टोबरात बंद केलं, जागतिक बँकेने जवळपास ५० कोटी डॉलर मंजूर केले, पण केंद्र आधी बंद झालं आणि नवीन कामं मागाहून येत राहिली, गावात राग, तिथल्या वीजमंत्र्यांनीच टीका केली. तुमच्या कामाचं यातलं काय असेल तर एवढंच, क्रम चुकला की पैसा असूनही उपयोग होत नाही.

तुम्ही कुठून सुरू करायचं म्हणाल तर असं करा. संस्थेला सांगा ठराव पुढच्या ग्रामसभेत बघू. तोवर बचत गटाच्या चार-पाच पोरी आणि दोन शिकलेले ठेकेदारी कामगार घेऊन ती यादी करा, सायकलवर कोळसा नेणाऱ्यांची घरं आधी घ्या नाहीतर ती राहूनच जातात. त्याच दिवसात दोन माहिती अधिकार अर्ज टाका, एक खाण बंदीच्या आराखड्यासाठी, एक तुमच्या गावावर खनिज निधीतून आजवर काय खर्च झाला त्यासाठी. आणि गाव थेट बाधितांच्या यादीत आहे का हे जिल्हा खनिकर्म कार्यालयात जाऊन डोळ्यांनी बघा, फोनवर विचारू नका. आमच्याकडे सर्वेचा दोन पानी फॉर्म आहे, बऱ्याच गावांत वापरून घासून-पुसून झालेला, पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो. फक्त त्यातला कर्जाचा रकाना बायांना एकटीला विचारा, नवऱ्यासमोर ती "नाही" म्हणते.